आधी लकडगंजला जा

प्रिय बाळा,

जुनी लाकडी यॉट घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करायचा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. नागपुरातून समुद्राची स्वप्नं काय बघतोस, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारली ती ‘सुहैली’ 32 फुटी सागवानी बोट होती, आणि बांधली होती आपल्या मुंबईत.

त्या सफरीतला एक प्रसंग नीट समजून घे. अटलांटिकमध्येच बोटीत पाणी यायला लागलं. बुडी मारून पाहिलं तर तळाशी, कण्याजवळच्या फळ्यांचा सांधा उघडा पडलेला. दम धरवेल तेवढाच वेळ पाण्याखाली राहून, पुन्हा पुन्हा बुड्या मारत, त्यांनी त्या फटीत कापूस ठोकला. वरून कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी मारली. नुसतं शीड सांभाळणाऱ्याला हे जमलं नसतं.

जीपीएस, सोलर पॅनल यांवर तू पानभर लिहिलंस. ते विकत मिळेल. लाकडाची जाण मात्र हातानेच यावी लागते. म्हणून आधी लकडगंजला, आपल्या नागपूरच्या लाकूडबाजारात जा. लाकूड कापणाऱ्या एखाद्या आरा-मशीनवर ओळख काढ, सागाचा गाभा आणि कडेचं पांढरं लाकूड यांतला फरक शिकून घे. गाभ्यात तेल असतं, तो टिकतो. पांढरं लवकर सडतं. आपल्याकडे मे महिन्यात दाराच्या फळ्यांत फटी पडतात आणि पावसाळ्यात तेच दार चौकटीत अडकतं; बोटीचंही तसंच. बराच काळ कोरड्यावर राहिलेली बोट पाण्यात उतरवली की आधी गळते, मग फळ्या फुगून सांधे मिटतात. हे माहीत नसलेला माणूस पहिल्याच दिवशी घाबरतो.

बोट बघायला गेलास की रंगावर भाळू नको. डेकवरून झिरपलेलं पावसाचं गोडं पाणी कोपऱ्यांत साचतं आणि सड बहुधा तिथूनच लागते. तिथे टोच्या रुतवून बघ. फळीवर हातोडी हलकेच मार: चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द. तरीही लाकडी बोटींचा जाणकार सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा माणूस, सोबत नेल्याशिवाय पैसे मोजू नको.

आपल्या नौदलातले दिलीप दोंदे यांनी त्यांची शिडाची बोट ‘म्हादेई’ गोव्यात बांधली जात असताना तिथे राहून ती समजून घेतली, मगच 2009-10 मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली. घाई त्यांनाही करता आली असती.

शिडाचा हात भोपाळच्या बड्या तलावावर किंवा हैदराबादच्या हुसेनसागरावर बसेल. दोन्ही शहरं इथून एका रात्रीच्या गाडीवर आहेत. या थंडीतच सुरुवात कर, आणि निघायच्या आधी मला फोन कर.

तुझा काका,
नागपूर