कचरा वेगळा न केल्याबद्दल सोसायटी भाडेकरूकडून दंड घेऊ शकते का, आणि त्याच्या कचऱ्यातील कागदांची छायाचित्रे गटावर टाकू शकते का?

कचऱ्याचे वर्गीकरण 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरमालक आणि भाडेकरू असा भेद न करता प्रत्येकावर बंधनकारक केले, त्यामुळे ते टाळता येत नाही. दंडाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार) दंडाची रक्कम सर्वसाधारण सभा ठरवते, आधी कारणे दाखवा नोटीस देऊन म्हणणे ऐकावे लागते आणि ही कारवाई सभासदावर, म्हणजे आपल्या घरमालकावर होते. तो ती रक्कम आपल्याकडून मागू शकतो की नाही, हे भाडेकरारावर ठरेल. कचऱ्याची पिशवी उघडून, त्यातील औषधांच्या चिठ्ठ्या किंवा बँकेची पत्रे वाचून, त्यांची छायाचित्रे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे मला सर्वथा अनुचित वाटते. त्याविरुद्ध कार्यकारिणीकडे लेखी हरकत अवश्य नोंदवा आणि पोचही घ्या.