अंगातले मिनरल्स आणि न ऐकणारं इन्सुलिन

प्रश्न: डॉक्टर, मी देवगड तालुक्यातली, वय ४४, वजन ७९ किलो. उपाशीपोटी शुगर ११२ आली, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) ६.१. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे आणि अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल रोज, तीनेक वर्षं झाली. रात्री पोटऱ्यांत वांब येतात. मुंबईची जाऊ म्हणते तुझे मिनरल्स बिघडलेत, केस पाठवून टेस्ट करून घे आणि पावडर चालू कर, शुगर आपोआप उतरेल. करू का?

उत्तर: ताई, केसांच्या टेस्टवर पैसे घालवू नका. शांपू, डाय, विहिरीचं पाणी सगळ्याचा केसांवर परिणाम होतो, आणि एकाच माणसाचे केस दोन लॅबला दिले तरी आकडे जुळतील याची खात्री नाही.

पण तुमची जाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीये. इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याच्यासाठीच्या खास जागेला चिकटलं की आत एक एन्झाइम (क्रिया घडवून आणणारं प्रथिन) चालू व्हावं लागतं, मग पुढचं चक्र फिरून पेशी साखर आत घेते, आणि त्या एन्झाइमला मॅग्नेशियम हे मिनरल लागतं. ते कमी असलं की इन्सुलिन असूनही पेशी दाद देत नाही, स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडत राहतं. वजन जास्त असलेल्यांत मॅग्नेशियम कमी सापडतं हे खरंय, तरी मूळ दुखणं बहुतेक वेळा पोटावरची आणि लिव्हरमधली चरबी असतं, ते पावडरीने जात नाही.

मला तुमच्या पत्रात जास्त खटकली ती अ‍ॅसिडिटीची गोळी. या प्रकारच्या गोळ्या वर्षभराहून जास्त घेतल्या तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०११ मध्येच तसा इशारा दिलाय. आणि मॅग्नेशियम फार उतरलं की पोटॅशियम, कॅल्शियमही त्याच्या मागोमाग खाली येतं, वांब त्यानेही येऊ शकतात. म्हणून रक्तातलं मॅग्नेशियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि बी१२ जीवनसत्त्व तपासा आणि ही गोळी अजून लागते का ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. रिपोर्ट नॉर्मल आला तरी एक ध्यानात ठेवा, शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी १ टक्क्याहूनही कमी रक्तात असतं, बाकी हाडांत आणि पेशींत, म्हणून नॉर्मल रिपोर्टने कमतरता नाहीच असं ठरत नाही.

आणि हो, लो सोडियम मीठ आणलं असेल तर ते बाजूला ठेवा! त्यात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनसोबत ते रक्तात साठू शकतं, किडनी कमजोर असेल तर हृदयाचे ठोके बिघडण्याइतकं. त्यापेक्षा साधंच मीठ कमी करा, सुकट आणि खारा बांगडा रोज नको, कधीतरी ठीक.

खाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे सगळं दारात आहे. १०० ग्रॅम नाचणीत १४० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम, पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळात २० च्या आसपास. एका जेवणाचा भात काढून नाचणीची भाकरी घ्या, सोबत कुळथाची पिठी, पावसात टाकळा, एरवी शेवग्याचा पाला. काजूतही मॅग्नेशियम भरपूर पण तेलही तेवढंच, आठ-दहा बस. भाताची पेज पिऊन "हलकं खाल्लं" म्हणू नका, तिने शुगर पटकन चढते.

चालणं रोज अर्धा तास, जेवणानंतर जमलं तर आणखी चांगलं, कारण हलणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. ७९ चे ७४ झाले तरी पुढचा एचबीएवनसी बघा कसा येतो, तीन महिन्यांनी करा आणि मला कळवा.