१८० × ४५ सेंमी जागेत कोळसा खाणीचा छोटा मॉडेल रेल्वे लेआउट कसा आखावा?

तुमची जागा १८० × ४५ सेंमी, स्केल एचओ (खऱ्या गाडीच्या १:८७), आणि त्यात खाण, वीजकेंद्र आणि गोल फिरणारी गाडी असं तिन्ही हवंय. गोल फिरणारी गाडी आधी सोडून द्या. एचओमध्ये आखूड वाघिणींसाठीसुद्धा (मालडब्यांसाठी) साधारणपणे ४५ सेंमीच्या आसपास त्रिज्या धरतात, म्हणजे नुसत्या वळणालाच ९० सेंमी रुंदी हवी. वीजकेंद्रही बोर्डाबाहेरच कुठेतरी आहे असं धरा: रिकाम्या वाघिणी तिकडून येतात, भरलेल्या तिकडे जातात. एकटी खाण मांडलीत तर ही जागा व्यवस्थित पुरते.

आखणी वाघिणीच्या लांबीपासून सुरू करा. इमारत कितीही आवडली असली तरी ती नंतर. एका कपलरपासून (वाघिणी जोडणाऱ्या आकड्यापासून) दुसऱ्यापर्यंत मोजा; जुन्या पद्धतीची दोन हॉपरची (तळाकडे उतरत्या कप्प्यांची) वाघीण साधारण १३.५ सेंमी भरते. छोटं शंटिंग इंजिन (वाघिणी पुढेमागे करून जुळवणारं) १४ सेंमी धरू. आता ॲलन राइट यांची ‘इंगलनुक’ मांडणी घ्या: दोन पॉइंट (एका रुळाचे दोन फाटे करणारे सांधे), तीन साइडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ), त्यांत अनुक्रमे ५, ३ आणि ३ वाघिणी, आणि शंटिंगसाठी पुढे इंजिन अधिक ३ वाघिणी मावतील असा रुळाचा तुकडा. एकूण ८ वाघिणींतून ठरलेल्या क्रमाने ५ जोडायच्या. असे ६,७२० क्रम होतात, त्यामुळे खेळ संपायची काळजी नको.

मोजमाप असं बसतं. शंटिंगचा तुकडा ५८ सेंमी. लहान त्रिज्येचा एक पॉइंट सुमारे १८.५ सेंमी. पॉइंटनंतर शेजारच्या रुळावरच्या वाघिणीला धक्का लागू नये म्हणून आणखी १० सेंमी मोकळे. पहिल्या पॉइंटवरून फुटणाऱ्या लांब साइडिंगला ९३ सेंमी उरतात, पाच वाघिणींना ६७.५ पुरतात. दुसऱ्या पॉइंटनंतरच्या दोन्ही साइडिंगना ७५ सेंमी उरतात.

या ७५ सेंमींवर ‘तीन वाघिणींना चाळीसच पुरतात’ म्हणून दगडी भिंत नाहीतर झाडी उभी करू नका. कोळसा भरायची घसरणी एका जागी पक्की असते, वाघीण तिच्याखालून सरकते. पहिली वाघीण घसरणीखाली असताना दोन अलीकडे उभ्या असतात, शेवटची भरताना दोन पलीकडे गेलेल्या असतात. म्हणजे तीन वाघिणी भरायला पाच वाघिणींची लांबी लागते, ६७.५ सेंमी. भरण इमारत म्हणूनच साइडिंगच्या टोकाला न ठेवता टोकापासून ३६ सेंमी आत घ्या. ती टोकाला चिकटवलेली असली की तिथे फक्त पहिलीच वाघीण ‘भरते’. छोट्या खाणींच्या लेआउटमध्ये ही चूक फार दिसते.

या दोन साइडिंगना वेगळं काम द्या: एकीवर मोठा कोळसा, दुसरीवर बारीक चुरा. खऱ्या खाणीतही चाळून वेगळ्या केलेल्या आकारांसाठी वेगवेगळे रूळ असत, म्हणून शंटिंगला कारण मिळतं. दोन रुळांमध्ये एरवी ५ सेंमी अंतर चालतं, पण इमारतीचे खांब मध्ये येणार तिथे ६.५ करा, रुळाच्या मध्यापासून खांबापर्यंत किमान २६ मिमी हवेत. घसरणीचं तोंड रुळापासून ५० मिमी वर ठेवलंत तर भरलेली वाघीण जाते, बहुतेक इंजिनं अडकतात. इंजिन खालून जाणारच असेल तर ७५ मिमी.

कोळसा खरोखर ओतायचा मोह टाळा. बारीक कण घसरणीत कमान धरून अडकतात आणि सुटले की थेट पॉइंटच्या सरकत्या पात्यांत जाऊन बसतात. त्यापेक्षा उचलता येणारे भार करा. फोमचा तुकडा वाघिणीच्या आतल्या मापापेक्षा १ मिमी लहान कापा, पोटात लोखंडी वॉशर बसवा, काळा रंग द्या, वर पांढऱ्या गोंदाने फोडलेला खरा कोळसा. मोठ्यासाठी २-३ मिमी दाणे, चुऱ्यासाठी १ मिमीखालचे. धूळ चहाच्या गाळणीने काढून टाका. चुंबक लावलेल्या काडीने भार उचलला जातो. रुळाखाली कायमची अनकपलिंग (जोडलेल्या वाघिणी सोडवणारी) चुंबकं असतील तर वाघिणींचे आस पोलादी नकोत, नाहीतर त्या आपोआप सरकतात.

वजन मात्र भारात घालू नका. १३.५ सेंमीच्या वाघिणीला सुमारे १०० ग्रॅम लागतात आणि ते वाघिणीतच हवेत, हॉपरच्या उतरत्या पत्र्यांखाली. नाहीतर भार काढल्यावर हलकी झालेली वाघीण ढकलताना पॉइंटवर हमखास घसरते.

चार चाकांचं इंजिन प्लास्टिकच्या फ्रॉगवर (पॉइंटमध्ये रूळ एकमेकांना छेदतात त्या भागावर) थांबतं, म्हणून विद्युतवाहक फ्रॉगचे पॉइंट घ्या. साध्या डीसी (एकदिश प्रवाह) नियंत्रणावर वीज फक्त शंटिंगच्या बाजूने दिलीत तर काम सोपं. साइडिंगनाही वेगळ्या तारा जोडणार असाल तर फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही रुळांना प्लास्टिकचे जोड लावा, नाहीतर पॉइंट फिरवताच शॉर्ट होईल.

शंटिंगच्या टोकाला पडद्यात भोक ठेवा आणि पलीकडे ८५ सेंमीची सुटी कॅसेट (उचलून नेता येणारा रुळाचा तुकडा) जोडा. इंजिन आणि पाच वाघिणी ८१.५ सेंमी होतात. भार तिथेच, नजरेआड बदला. खडी चिकटवताना पात्यांच्या सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा, म्हणजे गोंद तिथे धरणार नाही, आणि रुळांचे माथे गोंद ओला असतानाच पुसून घ्या.