विधिशास्त्र की न्यायशास्त्र?

प्रश्न असा आला आहे : ‘ज्युरिसप्रुडन्स’ला, म्हणजे कायद्याच्या मुळाशी असलेल्या तत्त्वांच्या अभ्यासाला, कुणी विधिशास्त्र म्हणतं, कुणी न्यायशास्त्र. बरोबर कोणतं? आणि कायदा, विधी, न्याय असा कीस काढून प्रत्यक्षात उपयोग काय?

माझं मत विधिशास्त्राच्या बाजूने. न्यायशास्त्र ही जागा आधीच भरलेली आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांपासून चालत आलेलं ते तर्काचं दर्शन. प्रमाण, अनुमान, हेत्वाभास (वरवर पटणारं पण सदोष कारण) हा त्याचा प्रांत. ‘काकतालीय न्याय’ म्हणतो तेव्हाही कोर्टाचा काही संबंध नसतो, तिथे न्याय म्हणजे दाखला. ‘विधी’ मात्र मीमांसेतला, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनातला, ‘अमुक करावे’ अशी आज्ञा देणारं वाक्य. विधेयक, विधिमंडळ, विधिज्ञ हे सगळे याच घरातले. (लग्नविधी आणि प्रातर्विधीही, पण त्याला इलाज नाही.) ‘कायदा’ अरबीतून फारसीमार्गे आला, मुळात पाया, नियम. बोलण्यात तोच चालतो आणि चालावा.

आता उपयोगाचं. ‘हे कायदेशीर आहे, पण न्याय्य नाही’ हे वाक्य कुणालाही कळतं, म्हणजे दोन्ही शब्दांची हद्द वेगळी आहे. ती कुठे आखायची यावर माणूस तुरुंगात राहतो की सुटतो हे ठरू शकतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 नुसार कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कुणाचं जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही. 1950 मध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन प्रतिबंधक स्थानबद्धतेत होते, म्हणजे खटला न चालवता खबरदारी म्हणून अटकेत. त्यांच्या वकिलांचं म्हणणं असं की, इथे ‘कायदा’ म्हणजे केवळ विधिमंडळाने केलेला नियम नव्हे, त्यात नैसर्गिक न्यायाची (बाजू ऐकून घ्यावी, निवाडा करणारा निःपक्ष असावा अशी) तत्त्वंही आली. लॅटिनमधली ‘लेक्स’ आणि ‘जुस’ ही जोडी त्यासाठी कोर्टात आली : लेक्स म्हणजे केलेला कायदा, जुस म्हणजे न्यायाकडे झुकणारा. सरन्यायाधीश कानिया यांनी लेक्सचा अर्थ धरला. न्या. फाझल अली यांनी वेगळं मत नोंदवलं, पण बहुमत विरोधात गेलं आणि गोपालन यांची याचिका फेटाळली गेली.

अनुच्छेदात ‘कायदा’ हाच शब्द राहिला, अर्थ मात्र हलला. 1977 मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त झाला, कारणं सांगायलाही सरकारने नकार दिला. 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती उचित, न्याय्य आणि वाजवी हवी, मनमानी नको. विधीच्या आत न्यायाला जागा मिळाली ती अशी. मला तरी विधिशास्त्र अभ्यासायला याहून चांगलं निमित्त सापडत नाही. मात्र त्या विषयालाच न्यायशास्त्र म्हटलं, की विधीत न्याय असतोच असं आधीच गृहीत धरल्यासारखं होतं, आणि वाद तर त्याचाच आहे.

‘कायद्याचं तत्त्वज्ञान’ हा शब्दही वाईट नाही. कायदा म्हणजे काय, तो का पाळायचा, अन्यायकारक असेल तरी तो कायदाच का, एवढ्यापुरतं बोलायचं असेल तर मी तोच वापरेन. परीक्षेच्या पेपरावर मात्र विधिशास्त्र.

लिहिताना एक जपा : सुटा ‘विधी’ दीर्घ, समासात ‘विधि’ ऱ्हस्व. ‘विधीशास्त्र’ असं छापलेलं पुष्कळ दिसतं, ते चूक. तसंच ‘न्याय्य’ला दोन य, ‘न्याय मागणी’ नव्हे, ‘न्याय्य मागणी’.