रास्पबेरी पायवर गाणी लावतोयस? आधी अडॅप्टर बघ
रास्पबेरी पाय म्हणजे तो तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, त्यावर गाणी वाजवायची असतील तर अरे सगळ्यात आधी तो मोबाईलचा चार्जर बाजूला ठेव. पाय ३ मॉडेलला ५.१ व्होल्ट अडीच अँपिअर लागतो, पाय ४ ला ३ अँपिअर, त्याचाच अडॅप्टर घे. मी सुरुवातीला घरात पडलेला जुना चार्जर लावला होता, हार्डडिस्क जोडली की मधेच गाणं तुटायचं, दोन आठवडे सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसलो आणि शेवटी काय तर करंटच पुरत नव्हता.

दुसरं म्हणजे हेडफोन जॅकमधून स्पीकर जोडू नकोस, पाय ५ वर तर तो जॅक काढूनच टाकलाय. नुसता तानपुरा लाव आणि हळू आवाजात ऐक, स्वरांच्या मागे बारीक खरखर कळते बघ, तानपुऱ्याची सगळी मजाच जाते. त्यापेक्षा पीसीएम ५१०२ चिपचा छोटा डॅक बोर्ड (डिजिटल गाण्याचा स्पीकरला लागणारा सिग्नल करणारा) घे, स्वस्त असतो, जीपीआयओ पिनांवर, म्हणजे पायच्या बोर्डवरच्या पिनांच्या रांगेवर, जोडायचा, जोडताना पाय बंद ठेव हां. गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव नसेल तर हायफायबेरी डॅक निवड, चालतं.

सॉफ्टवेअर मूड ऑडिओ किंवा व्हॉल्युमिओ, दोन्ही मोबाईलच्या ब्राउझरमधून चालतात, स्क्रीन लागतच नाही. पण तुमच्याकडे लाईट सारखी जात असेल तर सरळ पायकोअरप्लेअर टाक, ते सगळं रॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीत) चालतं त्यामुळे अचानक लाईट गेली तरी सॉफ्टवेअर असलेलं मेमरी कार्ड खराब व्हायची भीती फार कमी. फक्त सेटिंग बदललीस की त्यातलं बॅकअपचं बटण दाब, नाहीतर रीबूटनंतर केलेले बदल गायब होऊ शकतात.