शब्दांची चौकशी : 'स्ले' म्हणजे मारलं की नटवलं?

प्रश्न : लेकीने पाडव्याच्या शोभायात्रेतला नऊवारीतला फोटो टाकला. खाली मैत्रिणींनी लिहिलं, 'स्ले!' हे तर ठार मारणं ना? – एक आई, कोथरूड

उत्तर : बातमीत 'स्लेन' दिसलं, तर हो, कुणीतरी मारलं गेलंय. फोटोखाली मात्र त्याचा अर्थ 'खल्लास दिसतेस!' आपण तरी वेगळं काय म्हणतो? गंमत भूतकाळात आहे. राक्षसाला मारलं की 'स्ल्यू', नऊवारीत मिरवलं की 'स्लेड'. व्याकरणाचा हा घोळ मला आवडतो. अर्थ फुटला की रूपही फुटतं.

'स्माइट'चं, म्हणजे जोरदार प्रहार करण्याचं, नशीब आणखी मजेशीर. जुन्या इंग्रजी बायबलमध्ये देव शत्रूंवर हे क्रियापद चालवतो. आज उरलंय ते मुख्यतः 'स्मिटन', म्हणजे प्रेमात पडलेला.

'असॅसिनेट' मात्र जपून. पुण्याला त्याचं उदाहरण शोधावं लागत नाही : २२ जून १८९७, गणेशखिंड रस्ता, चापेकर बंधू आणि रँड. नामांकित वा सत्ताधारी माणूस, बहुधा राजकीय हेतू, असं असेल तरच ते शोभतं. सोसायटीतल्या बोक्याने उंदीर मारला, तर 'किल' पुरे.

'स्ट्राइक डाउन' आता कोर्टाने बळकावलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना रद्द केली, तेव्हा इंग्रजी मथळ्यांत तेच होतं.

आणि वकील 'डीड एक्झिक्यूट करा' म्हणाले, तर फाशी आठवून दचकू नका. दस्तावर सही करायची असते.