नदीची कागदपत्रे एकट्याने सांभाळू नकोस

सप्रेम नमस्कार,

तुझे पत्र दोनदा वाचले. वाळू उपशाविरुद्ध तहसील कार्यालयात तक्रार दिल्यापासून रात्री घरासमोर एक गाडी येऊन थांबते, हे तू अगदी शेवटी लिहिले आहेस आणि पुढे ‘एवढे मनावर घेण्यासारखे नाही’ असेही म्हटले आहेस. ते मनावर घे. फार वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याला आलेली अशीच धमकी आम्ही हसण्यावारी नेली. महिन्याभरात त्याच्यावर हल्ला झाला, तेव्हा आधीच्या धमकीची एका ओळीची नोंदही आमच्यापाशी नव्हती. ती चूक आमची होती.

तळेगाव दाभाडे येथील जमीन गैरव्यवहार उघडकीस आणणारे सतीश शेट्टी यांनी पोलीस संरक्षण मागितले होते. ते मिळाले नाही आणि १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी २० जुलैला, गीर परिसरातील बेकायदा खाणींविरुद्ध लढणारे अमित जेठवा यांना अहमदाबादेत गुजरात उच्च न्यायालयासमोर गोळ्या घालण्यात आल्या. सगळी माहिती एकाच माणसापाशी आहे असे दिसले की त्या माणसाला हटवण्याचा मोह बळावतो, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. म्हणून तुझ्याकडील प्रत्येक कागदाच्या प्रती आणखी चार घरांत असू देत, विषय ग्रामसभेत नेऊन ठराव करून घे आणि माहिती अधिकाराचे पुढचे अर्ज वेगवेगळ्या लोकांच्या नावे जाऊ देत. माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाल्यास त्याने मागितलेली माहिती जाहीर करण्याची भूमिका केंद्रीय माहिती आयोगाने २०११ मध्ये ठरावाद्वारे घेतली, त्यामागचा विचार हाच आहे.

गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ लिहून ठेव आणि पोलीस अधीक्षकांकडे संरक्षणाचा लेखी अर्ज देऊन पोच घे. संरक्षण मागणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. तो तुझा हक्क आहे. गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संमत होऊनही अमलात आणला गेलेला नाही, याचा मला मनस्वी संताप येतो. मात्र केवळ संरक्षणाच्या आदेशावर विसंबू नकोस. होंडुरासमध्ये नदीवरील धरणाला विरोध करणाऱ्या बर्टा कासेरेस यांना संरक्षण द्यावे, असे आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने २००९ मध्येच तेथील सरकारला सांगितले होते. तरीही मार्च २०१६ मध्ये त्यांच्या राहत्या घरात शिरून त्यांना ठार मारण्यात आले. धमकी देणाऱ्याचा शोध घेऊन त्याच्यावर खटला भरला जात नाही, तोवर दारातला शिपाई अपुराच पडतो. लॅटिन अमेरिका व कॅरिबियन देशांच्या २०१८ च्या एस्काझू करारातील नववे कलम पर्यावरण रक्षकांवरील हल्ले रोखण्याची, त्यांचा तपास करण्याची आणि दोषींना शिक्षा करण्याची जबाबदारी सरकारांवर टाकते. आपल्याकडेही हीच मागणी लावून धरायला हवी.

येत्या रविवारी सगळी कागदपत्रे घेऊन ये. अर्ज आपण मिळून लिहू. उपसा रात्रीच चालतो हे मला ठाऊक आहे, पण तोवर छायाचित्रांसाठी एकट्याने पात्रात उतरू नकोस.